स्मार्ट बोर्ड लागला, वर्ग शांत झाला. मग आठवड्याने आठवत का नाही?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी-नववीला विज्ञान आणि गणित शिकवते. गेल्या जूनमध्ये आमच्या वर्गांत स्मार्ट बोर्ड लागले. रोज तो किती वापरला याची नोंद वहीत करावी लागते. व्हिडिओ सुरू झाला की पोरं एकदम गप्प, डोळे पडद्यावर. मला वाटायचं, छान चाललंय. पण आठवड्याने तेच विचारलं की माना खाली. युनिट टेस्टचे गुण होते तिथेच आहेत. बरीच मुलं मराठी प्रायमरीतून आलेली, त्यांना त्या व्हिडिओतलं इंग्रजी किती कळतं देव जाणे. पावसात लाइट जाते ते वेगळंच.

मध्यंतरी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे मेंदूची रंगीत चित्रं दाखवून सांगितलं की आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो, काही मुलं डाव्या मेंदूची असतात काही उजव्या, आणि प्रत्येक मूल एकतर बघून, नाहीतर ऐकून, नाहीतर हाताने करून शिकतं. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे यातला एक रकाना भरायचा तक्ता आलाय. मेंदूचं शास्त्र खरोखर वर्गात कामाचं आहे का? बोर्डाचं करू काय? पालक विचारतात कुठलं अ‍ॅप घ्यायचं, त्यांना काय सांगू? आणि एक घरचा प्रश्न. माझा मुलगा सातवीत आहे. अख्खा धडा हायलायटरने रंगवतो, रात्री उशिरापर्यंत वाचतो आणि पेपरात विसरतो.
— एक टीचर, सत्तरी

प्रिय टीचर,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं मला काय वाटलं सांगू? तुम्ही आठवड्याने पुन्हा विचारलंत. बहुतेक जण विचारत नाहीत. तास संपता संपता दोन प्रश्न टाकतात, पुढच्या बाकावरची चार पोरं पटापट उत्तरं देतात, घंटा होते आणि सगळ्यांचं समाधान होतं. व्हरांड्यातून जाणाऱ्या हेडमास्तरांचंही होतं, कारण वर्गातून आवाज येत नाही. गप्प बसलेला वर्ग शिकतोच आहे असं आपल्या धंद्यात फार पूर्वीपासून धरून चालतात. स्मार्ट बोर्डाने ती शांतता विकत मिळायला लागली, एवढंच.

हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. मुलांना आळीपाळीने दोन तऱ्हांनी शिकवलं. एकदा कसलेल्या प्राध्यापकाचं सुरेख, कुठेही न अडखळणारं व्याख्यान. दुसऱ्यांदा तेवढाच भाग, पण आधी मुलांनी गटात बसून उदाहरणांशी झटापट करायची, मग उत्तर समजून घ्यायचं. चाचणीत झटापटीनंतरचे गुण जास्त आले. पण 'तुम्ही किती शिकलात असं वाटतं?' या प्रश्नावर मुलांनी व्याख्यानाला जास्त गुण दिले. सहज कळत गेलं की आपण शिकलो असं वाटतं आणि डोकं खाजवावं लागलं की आपण ढ आहोत असं वाटतं. हार्वर्डच्या पोरांचं असं होतं, तर नववीच्या पोरांचं काय घेऊन बसलात. तुमच्या बोर्डावरचे व्हिडिओ नेमके त्या व्याख्यानासारखे गुळगुळीत आहेत. पेशी गोल फिरते, संगीत वाजतं, सगळं कळल्यासारखं होतं.

आता विसरण्याकडे येऊ. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून, आपण ती किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, पुढे मंदावतं, आणि मधून मधून पुन्हा घोकलं तर कमी होतं. एवढी जुनी गोष्ट आहे ही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये तिच्यात एक मोठी भर घातली. कॉलेजच्या मुलांना त्यांनी सूर्य, समुद्री पाणमांजर असल्या विषयांवरचे छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग उतारा न बघता जे आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं. दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले आणि न बघता लिहून काढणारे ५६ वर राहिले.

तुमच्या वर्गाचं सगळं दुखणं या चार आकड्यांत आहे. आठवून काढणं ही नुसती तपासणी नसते. आठवण्याच्या त्या कष्टातूनच आठवण पक्की होत जाते.

हे सत्तरीत कुणाला नवीन वाटू नये. तुमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला गणपतीच्या चवथीच्या आरत्या म्हणायला सांगा. घुमट-शामेळाच्या ठेक्यावर लांबलचक आरत्या धडाधड म्हणेल, वर्गात जो तोंड उघडत नाही तोसुद्धा. त्या त्याला कुणी व्हिडिओ दाखवून शिकवल्या नाहीत. पहिल्या रात्री तो नुसता ओठ हलवत होता. पुढच्या रात्री दोन ओळी आल्या, तिसरीला अडला, शेजारच्या काकाने जोरात म्हटली, त्याने पकडली. मग पुढच्या घरी तीच आरती. मग वर्षभर गॅप. मग पुन्हा. आणि जे काका दर वर्षी पुस्तक हातात धरून म्हणतात, त्यांना ती अजून पुस्तकाशिवाय येत नाही हेही तुम्ही पाहिलं असेल.

तेव्हा पहिला उपाय. तासाची पहिली पाच-सात मिनिटं बोर्ड बंद. तीन प्रश्न विचारा: एक कालच्या तासाचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचं आणि तुम्ही सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. पाट्या वाळपईच्या बाजारात मिळतील. नाहीतर जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत कोरा कागद घातला की तीच पाटी झाली. हात वर करायला सांगू नका, कारण हात तीच चार पोरं वर करतात आणि उरलेल्यांचं डोकं सुट्टीवर जातं. गुण देऊ नका. गुण आले की मुलं शेजाऱ्याच्या पाटीत डोकावतात आणि पालक फोन करतात. मात्र बरोबर उत्तर तिथल्या तिथे सांगा. चुकीचं उत्तर दुरुस्त न होता राहिलं तर तेच पक्कं व्हायची भीती असते. पहिले पंधरा दिवस मुलं कुरकुरतील, निम्म्या पाट्या कोऱ्या येतील आणि तुम्हाला वाटेल की व्हिडिओच बरा होता. धीर धरा.

गणितात आणखी एक गोष्ट करा, तिला तर पाटीचीही गरज नाही. आपल्या पुस्तकांत एका स्वाध्यायात सगळी शंकूचीच उदाहरणं असतात, पुढच्यात सगळी गोलाची. मूल सूत्र एकदा वर लिहितं आणि खाली दहा वेळा आकडे घालतं. डोकं एकदाच लागतं. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळांवर हा प्रयोग केला. एकाच तऱ्हेची उदाहरणं ओळीने सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के मिळाले. सरमिसळ सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिले २० टक्क्यांवर आणि दुसरे ६३ वर. सरमिसळीत दर वेळी आधी 'हे कुठल्या जातीचं गणित आहे?' हे ओळखावं लागतं, आणि बोर्डाच्या परीक्षेत मुलं अडतात ती तिथेच. गृहपाठाला दहा उदाहरणं देत असाल तर चार आजची, सहा मागच्या धड्यांतली विस्कटून द्या. एवढंच.

आता बोर्ड. मी यंत्राच्या विरोधात नाही, पण यंत्र आलं की काम झालं या समजुतीच्या पक्की विरोधात आहे. आपल्या गोव्यात सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक आले होते, तुम्हाला आठवत असेल. कित्येक घरांत त्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर गणपती बसला. तिकडे पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या शाळांतून मुलांना लाखोंनी लॅपटॉप वाटले आणि २०१२ मध्ये अभ्यासकांनी मोजणी केली, तर गणित आणि भाषेच्या गुणांत काहीही फरक दिसला नाही. लॅपटॉप आले, शिकवायची तऱ्हा तीच राहिली.

बोर्ड कुठे खरा उपयोगी? जे तुम्हाला खडूने दाखवता येत नाही तिथे. हलणारं, डोळ्यांना न दिसणारं, फार मोठं किंवा फार लहान. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन, आरशावर पडणारा किरण, वेग-काळाचा आलेख गाडीबरोबर कसा वर चढतो ते. यासाठी फेट नावाची, पडद्यावर प्रयोग करून बघायची फुकट साधनं आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी ती २००२ मध्ये सुरू केली. त्यांतली बरीच मराठीत आहेत आणि उतरवून ठेवली की नेट नसतानाही चालतात. तुमच्या शाळेत केअर्स योजनेतून कोडिंग-रोबोटिक्स शिकवणारे संगणकाचे सर किंवा टीचर असतील, त्यांना सांगून हव्या त्या आठ-दहा पेनड्राइव्हवर घ्या. कनेक्शन कधी असतं कधी नसतं, त्याच्या भरवशावर तास आखू नका.

दाखवण्याची पद्धत मात्र बदला. आधी बल्बचं सर्किट बोर्डावर उभं करा आणि थांबा. 'आणखी एक बल्ब याच रांगेत जोडला तर पहिला तेवढाच पेटेल, मंद होईल की जास्त?' प्रत्येकाने पाटीवर अंदाज लिहायचा. वर्गात दोन तट पडू द्या, भांडू द्या. मगच बटण दाबा. अंदाज चुकल्याचा जो धक्का बसतो तो शिकायला फार उपयोगी. स्टानिस्लास दहेन हे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ शिकण्याचे जे चार आधार सांगतात, त्यांतला एक आहे चूक लगेच कळणं. बाकीचे तीन म्हणजे लक्ष, स्वतः धडपड आणि नंतर झोपेसकट मुरायला मिळालेला वेळ. व्हिडिओ यांतला फार तर पहिला आधार देतो, तोही संगीताच्या जोरावर.

बोर्डाचा दुसरा चांगला उपयोग झटपट चाचपणीचा. प्लिकर्स नावाची सोय आहे: प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड, उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचं, आणि तुम्ही तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवायची. कुणाचं काय चुकलं ते लगेच समोर येतं. मुलांच्या हातात मोबाइल द्यावा लागत नाही, हा मोठा फायदा. लाइट गेली तर पाट्या आहेतच.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुम्ही एका वाक्यात उरकलंत, 'व्हिडिओतलं इंग्रजी किती कळतं देव जाणे'. माझ्या मते आपल्या शाळांतला अर्धा घोळ तिथेच आहे.

माणूस एका वेळी मनात किती गोष्टी धरून त्यांच्यावर काम करू शकतो? जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन इकडे-तिकडे, असं म्हटलं होतं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे ओंजळभर. नवीन कल्पना याच ओंजळीतून आत जायची असते. आता तुमच्या वर्गातलं एक मूल घ्या. घरी कोकणी बोलतं, चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठीतून शिकलं, पाचवीपासून विज्ञान-गणित इंग्रजीत. व्हिडिओतला अनोळखी उच्चाराचा आवाज ऐकायचा, त्यातले शब्द सुटे करायचे, त्यांचा अर्थ लावायचा, पडद्यावर तेच वाक्य लिहून येतंय ते वाचायचं, बाजूला हलणारं चित्र बघायचं आणि या सगळ्यातून पेशीत पाणी आत का गेलं हे समजून घ्यायचं. ओंजळ इंग्रजीनेच भरली. पेशीतलं पाणी खाली सांडलं. ते मूल मठ्ठ नाही, आणि त्याने लक्ष दिलं नाही असंही नाही. उलट त्याने इतरांपेक्षा जास्त कष्ट घेतले.

कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं की नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत धडा समजून घेण्याइतकी, कारण सांगण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. तीही जिथे आजूबाजूला सगळे इंग्रजीच बोलतात अशा ठिकाणी. पाचवीत इंग्रजी सुरू झालेलं आपलं मूल नववीत येतं तेव्हा चारच वर्षं झालेली असतात, आणि शाळेच्या गेटबाहेर पडलं की इंग्रजी संपलं. ते 'मे आय गो टू द टॉयलेट, टीचर' झकास म्हणतं, म्हणून आपण धरून चालतो की त्याला 'सेमीपर्मिएबल' कळलं असणार.

कमिन्स यांचंच दुसरं म्हणणं आशेचं आहे. एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही, फक्त तिची नावं शिकावी लागतात. माध्यमाच्या प्रश्नावरून गोव्यात काय काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्या वादात मी इथे शिरत नाही. पेपर इंग्रजीत आहे, तो तसाच असणार. पण पेपर इंग्रजीत आहे म्हणून विचारही पहिल्या मिनिटापासून इंग्रजीत करायला हवा, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

म्हणून असं करा. व्हिडिओचा आवाज बंद करा. चित्र चालू दे, बोला तुम्ही. आधी मराठीत-कोकणीत, मुलं घरी जशी बोलतात तसं. बेदाणे पाण्यात टाकले की का फुगतात, मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या तोरांना, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांना, सुरकुत्या का पडतात, इथपासून सुरू करा; तोरांचं लोणचं प्रत्येकीच्या घरी पडतं. कल्पना बसली की इंग्रजी शब्द द्या, तीन-चारच, फळ्यावर लिहून, सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून. आणि तासाच्या शेवटी प्रत्येकाने त्या शब्दांत दोन वाक्यं इंग्रजीत लिहायची, पुस्तक बंद. ही शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर कल्पना मराठीत राहील आणि पेपर कोरा जाईल. पाटीवरच्या प्रश्नांतही तसंच: कालचा प्रश्न मराठीत विचारलात तर महिन्यापूर्वीचा इंग्रजीत विचारा.

पडद्यावर तेच वाक्य लिहून येणं आणि तेच ऐकू येणं हा दुहेरी मारा आपल्याला मदतीचा वाटतो. रिचर्ड मेयर यांनी यावर अनेक वर्षं प्रयोग केले आणि त्यांना दिसलं की हलतं चित्र आणि बोलणं एवढं पुरेसं असतं; बोललेलं शब्दन् शब्द शेजारी लिहून आलं की शिकणं उलट कमी होतं. भाषाच नवीन असेल तर थोडे शब्द दिसलेले बरे, हेही खरं. म्हणून तीन-चार, आणि तेही तुमच्या अक्षरात.

आता प्रशिक्षणातल्या त्या रंगीत चित्रांबद्दल, लवकर उरकते. १० टक्के मेंदूची गोष्ट थाप आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असून शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकाम्या पडलेल्या अवयवाला निसर्ग एवढं पोसणार नाही. डाव्या-उजव्या मेंदूची मुलं ही दुसरी थाप. दोन्ही अर्धगोलांची कामं काही प्रमाणात वेगळी आहेत हे रॉजर स्पेरी यांनी दाखवलं आणि त्यांना १९८१चं नोबेल मिळालं. पण त्यावरून माणसांचे दोन प्रकार पाडणं स्पेरींना कुणी विचारून केलं नाही. यूटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजाराहून जास्त लोकांच्या मेंदूंची छायाचित्रं तपासली, असे प्रकार सापडले नाहीत.

बघून-ऐकून-करून शिकणाऱ्यांचा तक्ता जरा जास्त चिवट आहे, कारण तो दयाळू वाटतो. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, यात वाद नाही. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकतात, याचा पुरावा हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शोधून पाहिला आणि तो मिळाला नाही. तरी २०१२ मध्ये ब्रिटन-नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक जणांचा त्यावर विश्वास होता, तेव्हा तुमच्या प्रशिक्षकांना एकट्यांना दोष देऊ नका. पद्धत ठरते ती विषयावरून. नकाशा बघूनच शिकायचा, उच्चार ऐकूनच, सूक्ष्मदर्शक हाताळूनच, मग मूल कुठल्याही रकान्यातलं असो. तक्ता भरणं टाळता येत नसेल तर सगळ्यांपुढे तिन्ही रकान्यांत खूण करा. खोटं होणार नाही.

मेंदूचं नाव घेतलं की लोक भुलतात, हेसुद्धा मोजून झालंय. येल विद्यापीठात २००८ मध्ये लोकांना काही चांगली, काही पोकळ स्पष्टीकरणं वाचायला दिली. पोकळ स्पष्टीकरणात मेंदूच्या कुठल्याशा भागाचं संबंध नसलेलं वाक्य घातलं की ते जास्त पटायला लागलं. म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं, की वर्गात कामाला येणारं बहुतेक सगळं अजून मानसशास्त्रज्ञांच्या साध्या कागद-पेन्सिलीच्या प्रयोगांतून आलेलं आहे. मेंदूची छायाचित्रं ते का घडत असावं याचे धागे देतात. उद्या सकाळी आठला नववीत काय करायचं हे ती सांगत नाहीत. पुढच्या प्रशिक्षणात कुणी लाल-पिवळा मेंदू दाखवला की एवढंच विचारा, 'हे कुठल्या वर्गात करून पाहिलं आणि आठवड्याने काय निघालं?'

पालकांना अ‍ॅपबद्दल काय सांगायचं? अ‍ॅप मुलाच्या पातळीपासून सुरू होतं का, ते बघायला सांगा. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर शाळेनंतरच्या केंद्रांत वापरून पाहिलं, अभ्यास २०१९ मध्ये छापला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. कारण सॉफ्टवेअर आधी मूल कुठे आहे ते तपासत होतं. आठवीतलं मूल गणितात पाचवीच्या पातळीवर असेल तर त्याला पाचवीची उदाहरणं मिळत होती आणि ते वर चढत होतं. पन्नास मुलांच्या वर्गात हे एकट्या शिक्षिकेला जमत नाही, तिथे यंत्र खरोखर मदत करतं. नुसते व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपसाठी पैसे घालवू नयेत. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी पोर्टलवर उघडतात, तिथे व्हिडिओ फुकट आहेत.

आता तुमचे चिरंजीव. हायलायटर काढून घ्या, भांडण होईल, होऊ दे. रंगवलेला धडा पुन्हा वाचला की ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं म्हणजे येतंच असं त्याला वाटतं. आपल्याकडे शाळा दीड वाजता सुटते हे त्याचं नशीब. जेवून, थोडं लोळून झालं की एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं किंवा आकृती काढायची, मग उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा, या वेळी वाचनाशिवाय थेट कोरा कागद. अर्ध्या तासाच्या वर नको. वाचायचंच असेल तर छापील पुस्तकातून. ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये पाहिलं गेलं, माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजतो, विशेषतः वेळेचं बंधन असेल तेव्हा. यूट्यूब पूर्ण बंद करायची गरज नाही. व्हिडिओ मध्येच थांबवून 'पुढे काय होईल?' हे त्याने तुम्हाला सांगितलं तर ठीक.

आणि रात्री उशिरापर्यंत वाचणं बंद. दिवसा शिकलेलं झोपेत मेंदू पुन्हा चाळतो. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत हे टिपलं: दिवसा फिरताना हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागातल्या ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या, त्याच नंतर झोपेतही एकत्र चेतवल्या जात होत्या. माणसांतही झोप तोडली की आठवण कच्ची राहते. सकाळी सहा-साडेसहाला बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, वेळेसाठी उठायचं असेल तर रात्री साडेनऊला दिवा बंद. परीक्षेच्या आदल्या रात्रीही.

राहता राहिली हेडमास्तरांची नोंदवही. तिच्याशी भांडू नका, तिचा उपयोग करा. नववीला तुमच्याकडे दोन तुकड्या असतील तर एक धडा 'अ'मध्ये नेहमीसारखा व्हिडिओने घ्या, 'ब'मध्ये आवाज बंद करून, अंदाज आणि पाट्यांसकट. पुढच्या धड्याला अदलाबदल करा, म्हणजे कुणी म्हणणार नाही की 'ब'ची पोरंच हुशार. वहीत दोन्हीकडे किती मिनिटं बोर्ड चालला ते प्रामाणिकपणे लिहा. 'ब'मध्ये सात-आठ मिनिटंच भरतील. दोन आठवड्यांनी, न सांगता, दोन्ही तुकड्यांना तेच दहा प्रश्न द्या. निकालाचे कागद वहीला पिन करून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवा, आणि मग 'किती मिनिटं वापरला' हा रकाना बदलण्याची गोष्ट काढा.